हॅम लायसन्स संपत आलंय आणि लॉगिनच होत नाहीये? आधी हे वाचा

प्रश्नात बऱ्याच गोष्टी एकत्र आल्यात म्हणून आधी माझ्या शब्दात परत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते तुम्हाला कळेल. तुम्ही २०१६ मध्ये न्यू जर्सीत शिकत असताना टेक्निशियनची, म्हणजे हॅम (हौशी रेडिओ) लायसन्सच्या पहिल्या पायरीची, परीक्षा पास झालात, मग नोकरीसाठी डॅलसला आलात, आणि लायसन्स पुढच्या महिनाअखेरीस संपतंय. एफसीसीच्या (अमेरिकेत रेडिओची लायसन्सं देणारं सरकारी खातं) साइटवर लॉगिन होत नाही कारण पासवर्ड कधी ठेवलेला आठवतच नाही, रेकॉर्डवर इमेल आहे तो कॉलेजचा, तो बंद, आणि पत्ता अजून जुन्या अपार्टमेंटचा. तिथल्या रूममेटने एका पत्राचा फोटो पाठवलाय ज्यात "तुमचं लायसन्स संपतंय, एवढे पैसे भरा" असं लिहिलंय. बायकोचं लायसन्स दीड वर्षापूर्वीच संपलंय आणि लग्नानंतर तिने आडनाव बदललंय. एच-वन-बी मुळे काही अडेल का ही धाकधूक, आणि शेवटी दिवाळीत पुण्याला जाताना हँडी, म्हणजे हातातला रेडिओ, नेऊ का.

यातला रिन्युअलचा भाग खरं सांगायचं तर सगळ्यात सोपा आहे, दहा-पंधरा मिनिटांचं काम, परत परीक्षा नाही, मोर्स नाही, काही नाही. मी इथे व्हॉलंटियर एग्झॅमिनर आहे, आमच्या क्लबची परीक्षा असते तेव्हा नव्या मुलांबरोबर एखादा तरी जुना हॅम कागद घेऊन येतोच की "रिन्यू होत नाहीये बघा जरा". बसून बघितलं की जवळजवळ नेहमी तेच निघतं. रिन्युअलमध्ये काही अडलेलं नसतं, तो माणूस स्वतःच्याच रेकॉर्डपर्यंत पोचू शकत नसतो. त्यामुळे मी तुम्हाला क्रम सांगतो, आणि क्रम मोडू नका एवढीच विनंती, कारण बरेच जण उलट्या टोकाने सुरू करतात आणि मग गुंता वाढवून ठेवतात.

आधी तारखांचं बघू, म्हणजे उगाच घाबरायचं की नाही ते ठरेल. अमेरिकेत हॅम लायसन्सची मुदत १० वर्षं. संपायच्या ९० दिवस आधी रिन्युअलची खिडकी उघडते, त्याच्या आधी साइटवर ते बटणच दिसत नाही. (कित्येक जण सहा महिने आधी जाऊन बघतात आणि "साइट बिघडलीय" म्हणतात. बिघडलेली नसते.) तुम्ही आत्ता त्या खिडकीत आहात. तारीख उलटली तरी पुढे २ वर्षं ग्रेस असतो, त्या काळात कॉलसाइन (अक्षरं आणि आकडा मिळून तुमची हवेतली ओळख) तुमच्याच नावावर राखून ठेवलेलं असतं आणि परीक्षा न देता रिन्यू करता येतं. पण, आणि हा पण मोठा आहे, ग्रेस फक्त अर्ज करण्यासाठी असतो, बोलण्यासाठी नाही. पार्ट ९७ मध्ये, म्हणजे एफसीसीच्या हॅमसाठीच्या नियमांत, स्पष्ट लिहिलंय की रिन्यू होईपर्यंत कुठलेही अधिकार मिळत नाहीत. म्हणजे त्या काळात रिपीटरवर (आपला आवाज लांब पोचवणाऱ्या सामायिक स्टेशनवर) नुसतं "गुड मॉर्निंग" सुद्धा नाही, घरातला इंटरनेटला जोडलेला छोटा रेडिओ हॉटस्पॉट नाही, काही नाही. ऐकायला अर्थातच कोणाची ना नाही. आणि दुसऱ्या लायसन्सवाल्या हॅमच्या स्टेशनवर, तो शेजारी बसून कंट्रोल ऑपरेटर असेल तर त्याच्या कॉलसाइनखाली बोलू शकता, जसं कुठलाही पाहुणा बोलू शकतो.

उलट अर्ज मुदतीच्या आत पोचला असेल आणि निर्णय यायचा असेल तर मधल्या काळात तुमचे अधिकार चालू राहतात, तसा नियम आहे. पण मी कोणालाच त्या नियमावर विसंबायला सांगत नाही, कारण फी वेळेत भरली नाही तर अर्जच निकाली निघतो आणि मग तुम्ही कुठे उभे आहात यावर वाद घालत बसायचं. शिवाय सरकारी शटडाऊन नावाचा प्रकार इथे आहेच, २०१९ च्या जानेवारीत आणि परत २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफसीसीचं हॅम अर्जांचं काम थांबलं होतं, आणि ते कधी होईल हे कोणाच्या हातात नसतं. तुमच्याकडे महिन्याच्या वर वेळ आहे, या विकेंडला बसा आणि उरकून टाका.

आता लॉगिन. इथेच सगळा खेळ आहे म्हणून जरा सावकाश सांगतो.

एफसीसीच्या दोन वेगवेगळ्या सिस्टिम आहेत. एक कोअर्स, जिथे "तुम्ही कोण" याची नोंद असते, त्या नोंदीचा १० आकडी नंबर म्हणजे एफआरएन. दुसरी यूएलएस, जिथे लायसन्स असतं, कॉलसाइन, क्लास, तारीख, टपालाचा पत्ता. दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे तो एफआरएन. आणि या दोन सिस्टिम एकमेकींशी आपणहून बोलत नाहीत, बँकेच्या पासबुकातला पत्ता बदलला म्हणून रेशनकार्डावरचा बदलत नाही ना, तसंच. कोअर्समध्ये पत्ता बदलून "झालं" म्हणून निवांत बसलेले आणि लायसन्सवर मात्र वर्षानुवर्षं जुनाच पत्ता असलेले हॅम माझ्या ओळखीत बरेच आहेत.

तुम्हाला पासवर्ड आठवत नाही, तर बहुधा तो तुम्ही कधी ठेवलाच नव्हता. त्या काळी परीक्षेच्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर लिहिला की एफआरएन एफसीसीकडून आपोआप तयार व्हायचा, परीक्षार्थीला कोअर्सचं तोंडही बघावं लागायचं नाही. हे तुमच्या बाबतीत तसंच झालं असेल का ते तेव्हा तुमच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर होता का यावर आहे. विद्यार्थी असताना नसतो बऱ्याच जणांकडे, आणि मग त्यांनी परीक्षेआधी स्वतः कोअर्सवर जाऊन एफआरएन काढलेला असतो, म्हणजे तेव्हा पासवर्डही त्यांनीच ठेवलेला असतो आणि तो जुन्या इमेलमध्ये किंवा एखाद्या वहीत सापडू शकतो. तुमची केस कुठली हे मला इथून सांगता येणार नाही, पण रस्ता पुढे जाऊन एकच होतो.

पहिलं, तुमचा एफआरएन शोधा. त्यासाठी लॉगिन लागत नाही. यूएलएसच्या लायसन्स सर्चमध्ये आपलं कॉलसाइन टाका, जे पान उघडेल त्यावर एफआरएन सगळ्यांना दिसेल असा लिहिलेला असतो. तो कागदावर लिहून घ्या.

दुसरं, कोअर्समध्ये नवीन यूजरनेम अकाउंट उघडा, म्हणजे आजकाल चालू असलेला स्वतःचा खासगी इमेल आणि नवीन पासवर्ड. कॉलेजचा नको, कंपनीचा तर अजिबात नको, नोकरी बदलली की परत हेच रडगाणं. इमेलवर एक लिंक येईल, ती दाबून खातं पक्कं करा. जुना लॉगिन कित्येक वर्षांपूर्वीचा असेल तर तो तसाही कामाचा नाही, जुनी कोअर्स २०२२ मध्ये बंद झाली, आता हे यूजरनेम लागतंच.

तिसरं, त्या यूजरनेमला तुमचा जुना एफआरएन जोडा. मेनूमध्ये असलेले एफआरएन सांभाळायचा भाग आहे, त्यात यूजरनेम एफआरएनला जोडायचा पर्याय सापडेल. तिथे एफआरएनचा पासवर्ड विचारतात, नसेल तर रिसेटची सोय आहे, आणि रिसेट बंद पडलेल्या इमेलवर किंवा तुम्ही कधीच न ठेवलेल्या गुप्त प्रश्नावर जाऊन अडकला तर मग एफसीसीच्या लायसन्सिंग सपोर्टला फोन करायचा. फोन म्हटलं की आपल्या लोकांच्या कपाळावर आठ्या येतात, पण हे लोक खरंच मदत करतात, रोज हेच काम करतात. कामाच्या दिवशी, इस्टर्न वेळेने, तुम्ही डॅलसला म्हणजे तुमच्यापेक्षा एक तास पुढे, हे लक्षात ठेवून सकाळी सकाळी लावा. कॉलसाइन, एफआरएन आणि ओळख पटवायला लागणारी माहिती समोर ठेवा.

आणि इथे एक गोष्ट अजिबात करू नका. जुना जोडला जात नाही म्हणून वैतागून नवीन एफआरएन काढू नका. हे सगळ्यात जास्त वेळा बघतो मी. माणूस नवीन नंबर काढतो, छान लॉगिन होतं, आणि आत बघतो तर "माझं लायसन्स" च्या खाली काहीच नाही, कारण लायसन्स जुन्या नंबरला लटकलंय. मग दोन नंबरांचा घोळ निस्तरायला परत सपोर्टलाच फोन, म्हणजे जे टाळायचं होतं तेच.

एकदा एफआरएन जोडला गेला की यूएलएसच्या लायसन्स मॅनेजरमध्ये त्याच यूजरनेमने आत जा, कॉलसाइन दिसायला हवं. दिसलं की समजा अवघड भाग संपला.

आता पत्ता आणि इमेल. इथे दोन मतं आहेत. रिन्युअलच्या अर्जातच बदल करायचीही सोय आहे, त्यामुळे काही जण सगळं एका झटक्यात करतात. मी चालू लायसन्सला आधी नुसता अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अपडेट करायला सांगतो, त्याला फी नाही, साधारण पुढच्या कामाच्या दिवशी तो मंजूर झालेला दिसतो, आणि मग स्वच्छ रेकॉर्डवर रिन्युअल करायचं. कारण असं की काही चुकलं तर फुकटच्या अर्जात चुकलेलं बरं, आणि मंजुरीचा इमेल नव्या पत्त्यावर येतोय की नाही याचीही आपोआप खात्री होते. फक्त पहिला अर्ज मंजूर व्हायच्या आत दुसरा टाकू नका. मुदत संपायला दोन-चार दिवसच उरले असते तर मी एकत्रच करा म्हटलं असतं, तुमच्याकडे वेळ आहे.

अपडेट करताना एका प्रश्नाला जपून उत्तर द्या. मधेच विचारतात की कॉलसाइन सिस्टिमॅटिकली बदलायचंय का. कॉलसाइनमधला आकडा देशाचा भाग दाखवतो, न्यू जर्सीचं दोन नंबरवालं कॉलसाइन आणि आता टेक्सास म्हणजे पाच नंबरचा भाग, म्हणून लोकांना वाटतं बदलायलाच हवं असेल, आणि "हो" दाबतात. गेलं मग, कॉम्प्युटर रांगेतलं पुढचं कॉलसाइन देतो आणि दहा वर्षं सांभाळलेलं हातातून जातं. राज्य बदललं म्हणून कॉलसाइन बदलायची सक्ती इथे नाही, टेक्सासमध्ये दोन नंबरवाले हवे तेवढे फिरतायत. "नाही" निवडा.

पत्त्याबद्दल अजून एक, हे कोणी आधी सांगत नाही. लायसन्सवरचं नाव आणि टपालाचा पत्ता यूएलएसमध्ये जगजाहीर असतो, कॉलसाइन माहिती असलेला कोणीही शोधून बघू शकतो. इमेल आणि सोशल सिक्युरिटी नंबर दिसत नाहीत, पण घराचा पत्ता दिसतो. घरी लहान मुलं आहेत, पत्ता नकोय असं वाटत असेल तर पोस्टाचा पीओ बॉक्स चालतो. आमच्याकडे बऱ्याच बायका आणि तरुण मुली तेच करतात आणि मी स्वतःहून सुचवतो. इमेल मात्र खराच आणि चालूच हवा, २०२१ पासून तो सक्तीचा आहे, एफसीसी आता सगळा पत्रव्यवहार त्यावरच करते, आणि इमेल चुकीचा दिल्यामुळे त्यांचं पत्र पोचलं नाही तर लायसन्सवर कारवाई होऊ शकते असं नियमातच आहे.

आता प्रत्यक्ष रिन्युअल. लायसन्स मॅनेजरमध्ये कॉलसाइनवर क्लिक केलं की उजव्या बाजूला त्या लायसन्सवर काय काय काम करता येईल त्याची यादी येते, त्यात रिन्यू असेल. मग प्रश्न येतात. फीमधून सूट आहे का, नाही. नियमातून सवलत मागताय का, नाही. काही जोडताय का, नाही. मग एक प्रश्न येतो ज्याला आपले लोक दचकतात, अर्जदाराला फेलनीमध्ये, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, दोषी ठरवलंय का. हा २०१७ पासून सगळ्यांना विचारतात, तुमच्याकडे बघून नाही. स्पीडिंगचं तिकीट म्हणजे फेलनी नाही, पार्किंगचा दंड तर नाहीच. ज्यांच्यावर खरंच तसा गुन्हा सिद्ध झालेला आहे त्यांनी "हो" म्हणून खुलासा द्यायचा असतो आणि त्यांनी माझं ऐकण्याऐवजी वकिलाशी बोलावं. बाकी सगळ्यांना "नाही". शेवटी सगळं एका पानावर दाखवतात, वाचा, नाव टाइप करून सही करा, सबमिट. साइट जरा म्हाताऱ्या वळणाची आहे, मधेच उठून चहा करायला गेलात तर टाइमआउट होते, एका बैठकीत करा.

आणि सबमिट म्हणजे संपलं नाही! इथे लोक लॅपटॉप बंद करतात. ३५ डॉलर फी भरायची राहते. ही फी २०२२ च्या १९ एप्रिलपासून आहे, तुम्ही २०१६ मध्ये परीक्षा दिलीत तेव्हा एफसीसीची अशी काही फी नव्हती म्हणून तुम्हाला माहिती नसणं साहजिक आहे. अर्ज टाकल्यापासून १० दिवस मिळतात, आणि ते कॅलेंडरचे दिवस, शनिवार-रविवार धरून. नाही भरली तर अर्ज बाद, परत पहिल्यापासून. पैसे कोअर्समधूनच भरायचे, आर्थिक भागात तुमच्या एफआरएनवर ते बिल दिसतं, कार्डने किंवा बँकेतून. अर्ज टाकला त्याच बैठकीत भरून टाका, "पगार झाल्यावर बघू" नको.

पैसे भरल्यावर साधारण एक-दोन कामाच्या दिवसात मंजूर होतं आणि इमेल येतो. घरी जाड कागदाचं लायसन्स येईल म्हणून वाट बघू नका, एफसीसीने २०१५ मध्येच कागदी लायसन्स पाठवणं बंद केलंय. इमेलमधल्या लिंकवरून किंवा लायसन्स मॅनेजरमधून अधिकृत प्रत उतरवून घ्यायची. सर्च पानावरून मिळते ती रेफरन्स कॉपी, तिच्यावर तसं छापलेलंही असतं, ती कुठे दाखवायला कामाची नाही. खरं म्हणजे डेटाबेसमध्ये तुमची नवी तारीख दिसली की तेच लायसन्स, कागद हातात असायची गरज नाही.

त्या पत्राबद्दल. फोटो बघितला नाही पण तुम्ही लिहिलेल्या रकमेवरून ते खासगी कंपनीचं दिसतंय. डेटाबेस जाहीर आहे म्हटलं ना, मग त्यातून तारखा उचलून लोकांना सरकारी थाटाची पत्रं पाठवणारे निघणारच. असा धंदा दरवेळी फसवणूकच असतो असं नाही, काही जण खरोखर तुमच्या वतीने अर्ज भरून देतात आणि त्याचे पैसे घेतात, पण तेच काम तुम्ही घरबसल्या ३५ डॉलरात करू शकता, वरचा प्रत्येक डॉलर त्यांचा. मदत हवीच असेल तर एआरआरएल सारखी हॅम लोकांची संस्था आहे, तिचं परीक्षांचं खातं रिन्युअलचे अर्जही दाखल करून देतं, किंवा जवळच्या क्लबच्या परीक्षेला जा, तिथे कोणीतरी शेजारी बसून करून देईल. कोअर्सचा पासवर्ड मात्र कोणालाच देऊ नका, मदत करणाऱ्यालाही. ज्याच्या हातात तो पासवर्ड त्याच्या हातात तुमचं कॉलसाइन.

व्हिसा. सरळ उत्तर, काही संबंध नाही. एच-वन-बी, एल-वन, विद्यार्थी, ग्रीन कार्ड, फॉर्मवर विचारतच नाहीत. हॅम लायसन्सला अमेरिकन नागरिकत्व लागत नाही. फक्त परदेशी सरकारच्या प्रतिनिधीला हे लायसन्स मिळत नाही, आणि सही करताना "मी तसा प्रतिनिधी नाही" हे तुम्ही मान्य करत असता. तुम्ही आयटी कंपनीत आहात, भारतीय वकिलातीत नाही, तेव्हा निश्चिंत रहा.

आता वहिनींचं. दीड वर्ष झालं म्हणजे अजून सहाएक महिने हातात आहेत, आणि खरं विचाराल तर तुमच्यापेक्षा त्यांचं आधी करा. कारण तुमचं उशिरा झालं तरी पुढे दोन वर्षं ग्रेस आहे, त्यांच्या मागे मात्र भिंत आहे. दोन वर्षं उलटली की लायसन्स कायमचं रद्द होतं, कॉलसाइन बाहेरच्यांना मागायला मोकळं होतं आणि परत परीक्षा. तुम्ही त्यांचा क्लास लिहिला नाहीये म्हणून दोन्ही सांगतो. टेक्निशियन असतील तर तेव्हा पूर्ण नव्याने सुरुवात. जनरल किंवा एक्स्ट्रा (टेक्निशियनच्या वरच्या दोन पायऱ्या) असतील तर २०१४ पासून थोडी सवलत आहे, जुन्या वरच्या परीक्षांचं क्रेडिट मिळतं, फक्त टेक्निशियनचा पेपर परत द्यावा लागतो. पण एवढ्यावर जाऊच कशाला देताय.

नाव बदलल्यामुळे त्यांच्या बाबतीत आधी कोअर्समध्ये नाव दुरुस्त करायला हवं, आणि ते सोशल सिक्युरिटीकडे जसं नोंदवलंय तसंच. आपल्याकडे हा घोळ फार होतो, पासपोर्टवर मधलं नाव वडलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नावच नाही, आणि एफसीसीच्या फॉर्मवर मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर. एक स्पेलिंग ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. मग यूएलएसमध्ये त्यांच्यासाठी माझा वरचा "आधी अपडेट, मग रिन्यू" हा सल्ला लागू नाही. लायसन्स चालू नाहीये, तेव्हा रिन्युअल आणि बदल एकत्र असा जो अर्ज आहे तोच करा, नाव बदललंय असं त्यात सांगा. फी तीच ३५. कॉलसाइन जुनंच परत मिळतं. मंजुरी दिसेपर्यंत त्यांनी मायक्रोफोनला हात लावायचा नाही एवढं मात्र पाळा, तुमच्या घरचा रेडिओ असला तरी. तुमचं लायसन्स चालू असेल आणि तुम्ही शेजारी असाल तर तुमच्या कॉलसाइनखाली बोलू देत की.

इथपर्यंतचा क्रम एका दमात सांगायचा तर, एफआरएन शोधा, नवीन यूजरनेम, दोघांची जोडणी, पत्ता-नाव नीट, रिन्यू, लगेच पैसे, मग प्रत उतरवून घ्या.

तुम्ही जाता जाता विचारलंत की आता जनरलची परीक्षा दिली तर मुदत आपोआप वाढेल का. नाही. अपग्रेड केल्याने क्लास बदलतो, तारीख तीच राहते, म्हणून रिन्युअलचं काम वेगळं करावंच लागतं. अपग्रेडला एफसीसीची फी मात्र नाही, तेव्हा जरूर द्या, टेक्निशियनवर शॉर्टवेव्हचा फारच थोडा तुकडा मिळतो आणि घरून पुण्यापर्यंत आवाज पोचवायची हौस असेल तर जनरल लागणारच. घरात जीएमआरएसचं (परीक्षा न लागणाऱ्या कौटुंबिक वॉकीटॉकी सेवेचं) लायसन्सही असेल तर त्याची तारीख आजच बघून ठेवा, तीही १० वर्षं आणि ३५ डॉलरच, पण तिला ग्रेस नाही, संपलं की संपलं.

राहिली पुण्याची हँडी. घरीच ठेवा. अमेरिकेचं लायसन्स भारतात आपोआप चालत नाही, दोन देशांमध्ये करार आहे पण भारतात त्याखाली बोलायचं तर दिल्लीच्या डब्ल्यूपीसी (भारतात रेडिओचे परवाने देणारं सरकारी खातं) कडून आधी परवानगी काढावी लागते, दिवाळीच्या तोंडावर अर्ज करून मिळण्यासारखी ती गोष्ट नाही. आणि तिथे प्रश्न नुसत्या बोलण्याचा नाही, रेडिओ जवळ बाळगण्याचाही आहे, आधीचा १९३३ चा कायदा घ्या नाहीतर २०२३ चा नवा टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्ट, परवान्याशिवाय सेट जवळ ठेवता येत नाही. विमानतळावर कस्टमवाल्याने बॅगेतून काढून "हे काय आहे" विचारलं तर अमेरिकन कागद दाखवून काही उपयोग नाही. तुमचे काका तिथे व्हीयू२, म्हणजे लायसन्सवाले भारतीय हॅम, आहेत म्हणालात ना, त्यांच्या शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) जाऊन बसा, ऐका, अँटेना बघा. उलट दिशेने मात्र सोपं आहे बरं का, काका कधी डॅलसला आले तर भारतीय नागरिक आणि व्हीयू लायसन्स एवढ्यावर त्यांना इथे कुठलाही अर्ज न करता बोलता येतं, स्वतःच्या कॉलसाइनच्या आधी डब्ल्यू५ लावून. त्यांनी मूळ लायसन्सची प्रत आणि पासपोर्ट बरोबर ठेवला म्हणजे झालं.

लॉगिनमध्ये कुठे अडलं तर नेमका कुठला मेसेज येतो तो लिहा, एफआरएन आणि कॉलसाइन इथे टाकू नका.